किल्ला कोर्टाजवळचे टायपिस्ट काका : अर्ज लिहून देतात आणि दारही दाखवतात

आमच्या चाळीचा जिना हलायला लागला तो २०२३ च्या गणपतीत. आरती संपून वरच्या मजल्यावरची माणसं एकदम खाली उतरली आणि दुसऱ्या वळणावरची तुळई करकरली. सगळे जागच्या जागी थांबले. त्या दिवसापासून जिना नीट होईपर्यंत वीस महिने गेले आणि त्यातले पहिले चौदा महिने आम्ही चुकीच्या दारात उभे होतो. बरोबर दार दाखवलं ते किल्ला कोर्टाजवळ फुटपाथवर बसणाऱ्या एका टायपिस्ट काकांनी. सगळे मिळून त्यांनी माझ्याकडून ४३० रुपये घेतले. त्या पैशांत मला काय मिळालं ते सविस्तर लिहायचं आहे, कारण जुन्या मुंबईत राहणाऱ्या कितीतरी लोकांना आज त्याची गरज आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक होते, आता निवृत्त आहे. चाळीच्या भाडेकरू मंडळाची खजिनदार आहे. धाकटी लेक एमपीएससीचा अभ्यास करते, त्यामुळे घरात राज्यघटना, पंचायत राज, आयोग हे शब्द सकाळच्या चहापासून कानावर असतात. महाराष्ट्रात विधानसभेच्या जागा २८८, विधान परिषदेच्या ७८, लोकसभेत आपले ४८, राज्यसभेत १९. हे मला आता तोंडपाठ आहे. तरीही जिना मोडला तेव्हा आम्हा दोघींना कुठे जायचं ते कळलं नाही, आणि ही गोष्ट मला फार लागली.

आम्ही काय केलं ते सांगते. आधी नगरसेवक आठवला. पण मुंबई महापालिकेच्या २२७ नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली होती आणि दुसऱ्या दिवसापासून प्रशासक होते. ज्यांच्याकडे आम्ही पूर्वी जायचो ते गृहस्थ म्हणाले, "वहिनी, माझ्या पत्राला आता काय वजन?" मग आम्ही एका कार्यालयात गेलो. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "हे आमच्याकडे येत नाही." आम्हाला वाटलं टोलवाटोलवी करतोय. दोन महिन्यांनी पुन्हा गेलो, वीस जणांच्या सह्या घेऊन. तेच उत्तर. मग कोणीतरी नाक्यावरच्या एका दुकानाचं नाव सुचवलं, तिथे सगळे ऑनलाइन फॉर्म भरून देतात. त्यांनी बाराशे रुपये घेतले आणि नेटवरून उतरवलेला एक छापील नमुना आमच्या नावाने भरून रजिस्टर पोस्टाने धाडला. तो नमुना गावाकडचा होता. "मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, मुंबई" असा पत्ता. पाकीट परत आलं. महाराष्ट्रात जिल्हे ३६ आणि जिल्हा परिषदा ३४, कारण मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांना जिल्हा परिषदच नाही. हे माझ्या लेकीला परीक्षेसाठी पाठ होतं. पाकिटावरचा पत्ता आम्ही दोघींनी वाचला होता, तेव्हा मात्र तिच्याही ध्यानात आलं नाही.

काकांचं नाव मला तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी सांगितलं. आजोबा गिरणीत होते, आणि गिरणी कामगारांच्या घरांचा त्यांचा अर्ज काकांनीच भरला होता. २०२४ च्या नोव्हेंबरात, दिवाळी झाल्यावर, एका मंगळवारी मी निघाले.

जायचं कसं ते नीट सांगते, कारण त्यांची पाटी नाही. सीएसएमटीला उतरून महापालिकेच्या इमारतीकडे या. समोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा दिसतो. तिथून महापालिका मार्गाने मेट्रो सिनेमाच्या दिशेने चालत राहायचं. डावीकडे आझाद मैदान, उजवीकडे कामा हॉस्पिटल, आणि पुढे किल्ला कोर्ट. कोर्टाच्या आसपास टायपिस्ट आणि नोटरीची माणसं टेबलं टाकून बसलेली असतात. त्यांत सगळ्यात म्हातारे, टेबलावर निळी ताडपत्री आणि खाली रेमिंग्टनचं मराठी टाइपरायटर ठेवलेले, ते काका. काम लॅपटॉपवर करतात, शेजारी लहान प्रिंटर आहे. टाइपरायटर छापील फॉर्मच्या रिकाम्या जागा भरायला ठेवलं आहे, आणि ते अजून चालतं.

मी टेबलाशी उभी राहून अर्जाचा मसुदा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. म्हणाले, "आधी बसा ताई. इमारत कधीची?"

मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "भाडेपावती आहे?" ती होती पर्समध्ये, मंडळाची खजिनदार म्हणून मी जुन्या पावत्यांचं पाकीट घेऊनच हिंडते. त्यांनी पावती उन्हाकडे धरली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. भाड्याच्या खाली बारीक अक्षरात "रिपेअर सेस" असं लिहिलेलं होतं. ही ओळ मी वर्षानुवर्षं बघत आले होते. एकदाही विचारलं नव्हतं की हे पैसे कशाचे.

"तुमचं काम म्हाडाकडे आहे," काका म्हणाले. म्हाडा म्हणजे राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण.

मी म्हटलं, हा सेस, म्हणजे उपकर, तर महापालिकेच्या मालमत्ता कराबरोबर भरला जातो. मग काम म्हाडाचं कसं?

इथून पुढची वीस मिनिटं त्यांनी मला जे समजावलं, ते मला चाळीतल्या एकाही शिकलेल्या माणसाने आजवर सांगितलं नव्हतं. बेट-मुंबईत, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, भाड्याच्या जुन्या इमारती पडायला लागल्या तेव्हा १९६९ साली राज्याने त्यांच्या दुरुस्तीसाठी वेगळा कायदा केला. भाडं गोठलेलं, त्यामुळे मालक दुरुस्ती करत नव्हते, आणि भाडेकरूंकडे इमारतीचा हक्क नव्हता. म्हणून उपकर बसवला. गोळा करायचा महापालिकेने, मालमत्ता कराबरोबर, कारण वसुलीची यंत्रणा तिच्याकडे तयार होती. दुरुस्ती करायची दुसऱ्याच मंडळाने. १९७६ च्या कायद्याने पुढच्या वर्षी म्हाडा आली आणि ते काम तिच्याखाली गेलं. आज त्याचं नाव मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ. अशा इमारतींना उपकरप्राप्त इमारती म्हणतात. सुरुवातीला त्यांची संख्या १९,६४२ होती. त्यांचे तीन वर्ग: १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या 'अ' वर्गात, तिथून १९५० अखेरपर्यंतच्या 'ब' वर्गात, आणि १९५१ पासून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या 'क' वर्गात. उपनगरातल्या जुन्या इमारतींना हा उपकर लागू नाही. त्यामुळे अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या नातेवाइकाने सांगितलेला मार्ग आपल्या उपयोगाचा नसतो.

"म्हणजे खिडकीवरचा तो मुलगा..." मी म्हटलं.

"खरं सांगत होता," काका म्हणाले. "फक्त कुठे जा ते त्याने सांगायला हवं होतं, आणि तुम्ही विचारायला हवं होतं."

मला वाईट वाटलं. चौदा महिने आम्ही त्या मुलाला नावं ठेवत होतो. आमच्या भाडेकरू मंडळाच्या बैठकीत त्याच्याविरुद्ध तक्रार करायचा ठराव घेतला होता, तो मी पुढच्याच बैठकीत मागे घ्यायला लावला.

काकांची सेवा मला इतकी मोलाची का वाटते, त्याचं कारण हेच. टायपिंग करणारे पुष्कळ आहेत. पण मुंबईत एका घराभोवती किती कार्यालयं उभी आहेत ते बघा. रस्ता आणि गटार महापालिकेचं. दुरुस्ती मंडळ म्हाडाचं. जमिनीचे कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे, तेही शहराचे वेगळे, फोर्टात ओल्ड कस्टम हाउसला, आणि उपनगराचे वेगळे, बांद्र्याला. वॉर्ड म्हटला की आणखी घोळ. अर्जात "आमचा वॉर्ड" म्हणून मी आमच्या निवडणूक प्रभागाचा आकडा लिहिला होता. काकांनी तो खोडला. महापालिकेचे प्रशासकीय विभाग अक्षरांनी ओळखले जातात, ए पासून टी पर्यंत, मध्ये आय, जे, ओ आणि क्यू ही अक्षरं नाहीत. निवडणुकीचे प्रभाग आकड्यांनी ओळखतात, ते २२७. तक्रारीच्या अर्जावर अक्षर लागतं, मतदानाला आकडा. मी साठ वर्षं या शहरात राहते आणि हे दोन वेगळे असतात हे मला त्या फुटपाथवर कळलं.

मग काका म्हणाले, दुरुस्तीचा अर्ज आज लिहायचा नाही. आधी माहिती अधिकाराचा लिहू. मला घाई होती, जिन्याची मला रोज भीती वाटत होती. मी तसं म्हटलं. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि शांतपणे विचारलं, "इमारत आजवर कधी दुरुस्त झाली? कोणत्या भागाचा कार्यकारी अभियंता? तुमच्या इमारतीचा उपकर क्रमांक काय?" एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. "हे हातात आल्यावर तुमच्या अर्जाला पाय फुटतील," ते म्हणाले.

माझ्या मसुद्यात मी लिहिलं होतं: 'आमच्या जिन्याची दुरुस्ती का केली जात नाही?' काका म्हणाले, माहितीच्या अर्जात 'का' विचारायचं नाही. कायद्याने मिळते ती कार्यालयाकडे कागदावर असलेली माहिती. 'का' हा कागद कुठल्याच फायलीत नसतो, म्हणून उत्तर येतं की माहिती उपलब्ध नाही, आणि तीस दिवस फुकट जातात. त्यांनी माझ्या रागाचे चार स्वच्छ प्रश्न केले. या इमारतीचा उपकर क्रमांक व वर्ग. या इमारतीवर मंडळाने आजवर केलेल्या दुरुस्त्यांची वर्षं व खर्च. शेवटच्या पाहणीच्या अहवालाची साक्षांकित प्रत. या इमारतीची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचं पदनाम व कार्यालयाचा पत्ता. एवढंच. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, आणि ते शब्द मोजतात, तोंडातल्या तोंडात. जोडपत्र 'अ' चा नमुना त्यांच्याकडे तयार होता. वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला हे दहा रुपयेही लागत नाहीत, पण दाखला जोडावा लागतो, हे त्यांनी माझ्या मागे उभ्या असलेल्या एका बाईंना न विचारता सांगितलं.

मी विचारलं, "काका, पुन्हा दार चुकलं तर?" तेव्हा त्यांनी मला कलम ६(३) सांगितलं. माहितीचा अर्ज ज्या कार्यालयाकडे गेला त्याच्याकडे ती माहिती नसेल, तर त्याने पाच दिवसांच्या आत अर्ज योग्य कार्यालयाकडे पाठवायचा आणि अर्जदाराला तसं कळवायचं. म्हणजे साध्या अर्जाला पत्ता चुकला की तो तिथेच पडून राहतो, माहितीच्या अर्जाला कायद्याने पुढे जायची वाट दिली आहे. २००५ चा हा कायदा १२ ऑक्टोबरपासून जम्मू-काश्मीर सोडून देशभर लागू झाला, पण महाराष्ट्राने त्याआधीच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर. काका ही माहिती मोठ्या अभिमानाने सांगतात. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील. तिथेही नाही जमलं तर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यांनी हे सगळं मला धमकी म्हणून अर्जात घालू दिलं नाही. "दंडाचं कलम अर्जात लिहिलं की समोरचा माणूस आपला वैरी होतो. त्याला कायदा ठाऊक आहे. आपल्यालाही ठाऊक आहे, एवढं त्याला अर्जाच्या भाषेवरून कळलं पाहिजे."

त्यांची भाषा हा स्वतंत्र विषय आहे. शाळेत आम्ही "सविनय विनंती विशेष" लिहायला शिकलो. काका "उपरोक्त विषयास अनुसरून" वगैरे एकदाच लिहितात आणि मग साधी, छोटी वाक्यं. इंग्रजी शब्द टाळतात, पण जिथे अभियंत्यांच्या बोलण्यातला शब्द आहे तिथे तोच ठेवतात. महाराष्ट्राचा राजभाषा कायदा १९६४ चा, त्यामुळे मराठीत अर्ज केला तर मराठीत उत्तर मागायचा आपला हक्क आहे, हे ते प्रत्येकाला सांगतात. मला एका शब्दावरून त्यांनी वाचवलं. मी जिन्याबद्दल "इमारत अत्यंत धोकादायक झाली आहे" असं लिहिलं होतं. ते म्हणाले, हा शब्द जपून वापरा ताई. महापालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ मध्ये दुरुस्ती, सी-३ मध्ये किरकोळ दुरुस्ती. १८८८ च्या महापालिका कायद्यातलं कलम ३५४ धोकादायक बांधकामाच्या नोटिशीचं आहे. "तुम्हाला जिना दुरुस्त करून हवाय की घर रिकामं करायचंय?" इमारत खरंच तशी असेल तर लपवायचं नाही, हेही त्यांनी बजावलं, आणि रात्री-अपरात्री काही कोसळलं तर अर्जाची वाट न बघता १९१६ ला फोन करायचा. पण आमच्याकडे जिन्याची एक तुळई आणि चार पायऱ्या गेल्या होत्या. त्यांनी नेमकं तेवढंच लिहिलं: 'पहिल्या व दुसऱ्या मजल्यामधील जिन्याची तुळई व चार पायऱ्या खचल्या आहेत.' वाचल्यावर मला तो जिना डोळ्यांपुढे दिसला.

अर्ज मी बांद्र्याला कलानगरजवळ गृहनिर्माण भवनात स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली. काकांनी हेही सांगितलं होतं की सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून घरबसल्या पाठवता येतो, फी तिथेच भरता येते. स्वतःचं गिऱ्हाईक कमी होईल याची त्यांनी पर्वा केली नाही. मला शिक्क्याचा कागद हातात हवा होता. सव्विसाव्या दिवशी उत्तर आलं. उपकर क्रमांक, वर्ग 'अ', शेवटची मोठी दुरुस्ती १९९६, आणि आमच्या भागाच्या कार्यकारी अभियंत्याचा पत्ता. जिन्याची तक्रार त्या कार्यालयात आमच्या नावाने एकदाही नोंदलेली नव्हती. साहजिकच होतं, आम्ही तिथे कधी गेलोच नव्हतो.

दुसऱ्या खेपेला मी लेकीला बरोबर नेलं. तिने त्यांना सहज विचारलं की ७४ व्या घटनादुरुस्तीने तर शहरांचा कारभार पालिकांकडे दिला, १ जून १९९३ पासून, बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत, मग हे काम राज्याच्या मंडळाकडे का राहिलं? काकांनी तिला विचारलं, त्या अठरा विषयांत घर येतं का? तिने बोटांवर मोजलं. इमारत बांधकामाचं नियमन येतं, झोपडपट्टी सुधारणा येते, अग्निशमन येतं. "आणि कलम २४३ डब्ल्यू मध्ये शब्द कुठला आहे?" तिने आठवून सांगितलं, राज्य विधिमंडळ कायद्याने अधिकार देऊ शकेल. "देऊ शकेल," काका म्हणाले. "दिलेच पाहिजेत असं नाही. मुंबईचे आयुक्तसुद्धा राज्य सरकार नेमतं आणि कारभाराचे अधिकार त्यांच्याकडे असतात. महापौर सभेचे अध्यक्ष. बाहेरगावचा माणूस म्हणतो महापौरांना भेटा, काम होईल. मी सांगतो, त्या कामाची सही कोणाची लागते ते आधी विचारा." लेक परत येताना लोकलमध्ये गप्प होती. घरी आल्यावर तिने वहीत बाराव्या अनुसूचीच्या पानावर समासात आमच्या चाळीचं नाव लिहून ठेवलं.

काकांना हे कुठून आलं ते मी विचारलं. ते एका गिरणीत बदली कामगार होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, आणि त्यांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी कधी उघडली नाही. गिरगावात टायपिंग शिकले, चाळीस शब्दांची परीक्षा दिली, आणि इथे बसले. पहिले अर्ज सोबतच्या कामगारांचे होते, प्रॉव्हिडंट फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे. "माणसं कार्यालयातून परत यायची आणि सांगायची, अर्ज चुकलाय, तिकडे जा. मी वहीत लिहून ठेवायचो, कुठला अर्ज कुठे चालला." ती वही अजून आहे. जाड, कापडी पाठीची, आणि आता तिचे चार भाग झालेत. एखादं कार्यालय हललं, नाव बदललं की ते जुनी नोंद खोडत नाहीत, खाली नवीन लिहितात. त्या वहीचं पान उलटताना मला फार भरून आलं. हे ज्ञान शाळेत मिळायला हवं होतं.

दुरुस्तीचा अर्ज त्यांनी माहितीच्या उत्तराचा संदर्भ क्रमांक घालून लिहिला, सोबत जिन्याचे तीन फोटो, तारखेसह. फेब्रुवारीत कनिष्ठ अभियंता पाहणीला आले, त्याच आठवड्यात लोखंडी टेकू लागले. मार्चअखेर एक स्मरणपत्र पाठवलं. मेमध्ये, पाऊस यायच्या आधी, जिना झाला. तुळई लोखंडी आहे, पायऱ्या कडाप्प्याच्या. आजोबा आता काठी न टेकता उतरतात.

दर सांगते. माहिती अधिकाराचा अर्ज १५०, दुरुस्तीचा अर्ज २००, स्मरणपत्र ८०. झेरॉक्स वेगळी, ती शेजारच्या दुकानात. अपिलाला जास्त घेतात. ऐकून घेण्याचे पैसे घेत नाहीत, आणि काम त्यांच्याकडे नसेल तर अजिबात घेत नाहीत. लेकीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कोणीतरी सांगितलं म्हणून मी पाचशेचा स्टॅम्प पेपर घ्यायला निघाले होते. काकांनी थांबवलं. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, आणि अशा दाखल्यांना बहुतेक ठिकाणी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं. दाखला ठरलेल्या दिवसांत मिळाला नाही तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अपील आहे. तो कागद त्यांनी फुकट लिहून दिला.

आता उणं. वाट बघावी लागते. मी पहिल्या दिवशी दोन तास उभी होते, कारण ते प्रत्येकाची पूर्ण हकीकत ऐकतात. बसायला एकच स्टूल आहे, तेही ज्याचं काम चालू आहे त्याला. ज्येष्ठांनी सोबत कोणी न्यावं. पावसाळ्यात जोराची सर आली की सगळं ताडपत्रीखाली जातं आणि काम थांबतं. शनिवार-रविवार बंद, आणि दुपारी दीड ते अडीच जेवण. तुमच्या अर्जाची फाइल ते लॅपटॉपवर ठेवत नाहीत, लोकांची घरगुती माहिती माझ्याकडे नको म्हणतात. त्यामुळे पेनड्राइव्ह न्या, नाहीतर दुसऱ्या अर्जाला सगळं नव्याने सांगावं लागतं. मला तसं सांगावं लागलं. मोबाइलवर पैसे घेतात, पावती देत नाहीत. ही मात्र खटकणारी गोष्ट आहे. मंडळाच्या हिशेबाला मला पावती हवी होती, शेवटी त्यांनी कोऱ्या कागदावर लिहून सही करून दिली. छापील पावतीपुस्तक ठेवावं असं मी त्यांना सांगितलं आहे.

स्वभाव तुटक आहे. आमच्या शेजारणीला त्यांनी परत पाठवलं. तिला मालकाविरुद्ध खोट्या मारहाणीची तक्रार लिहून हवी होती. तिला राग आला, अजून आहे. मी काकांच्या बाजूची आहे. तिची घरभाड्याची अडचण खरी होती, आणि काकांनी तिला त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता सांगितला होता. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. कोर्टाचं काम काका घेत नाहीत, मी वकील नाही असं स्वच्छ सांगतात. ती अजून गेली नाही. मी तिच्या मागे आहे.

एक काम माझं काकांकडे अर्धं राहिलं आहे. आमच्या गल्लीतल्या आणखी तीन चाळींचे जिने तसेच आहेत, एकीत गॅलरीचा कठडा गेलाय. तिथल्या माणसांना मी सांगितलं, ते म्हणाले आमच्या वतीने तुम्हीच अर्ज करा. काकांनी नकार दिला. प्रत्येक इमारतीचा अर्ज तिथल्या भाडेकरूच्या सहीने जायला हवा, कारण उत्तर आलं की पाठपुरावा त्यालाच करायचा आहे. पुढच्या मंगळवारी मी त्या तीन चाळींतून एकेकाला घेऊन सकाळी साडेदहाला तिथे जाणार आहे. कोणाला यायचं असेल तर या. येताना भाडेपावती आणा, जुनी असली तरी चालेल. काका पहिली तीच मागतात.